चार वाजताची टकटक

"काका, येतंय का काही ऐकू?"

हा प्रश्न मुलाने तीनदा विचारला म्हणे. मला तिसऱ्या वेळचा कळला, तोही त्याने खांद्याला हात लावला म्हणून. दुपारचे चार वाजले होते आणि मी त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी वाकून उभा होतो. माझी सळई वरच्या मजल्यावरून येणाऱ्या लोखंडी पाइपाला टेकवलेली, तिची लाकडी मूठ कानात दाबलेली, आणि चेहरा असा गंभीर, की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस आता पाण्याची नाडी सांगणार.

"काही नाही," मी सांगितलं. "पाइप एकदम गप्प आहे."

"बघ आई! आता तरी पटलं?"

आई दारात उभी होती. टेलरबाई म्हणून सगळी गल्ली तिला ओळखते. सत्तरीच्या आसपास वय, गळ्यात मापाची टेप, बोटात सुईसाठीचं पितळी अंगुस्तान. माझ्याकडे ती अशी बघत राहिली की मी सळई पुसायला घेतली.

मुलाने जिन्यात मला सगळं सांगून ठेवलंच होतं. आईला रोज दुपारी चारला पाइपावर टकटक ऐकू येते. वरचं घर बंद आहे, वरची बाई अकरा महिन्यांपूर्वी वारली. आईचं म्हणणं, तीच वाजवते. "डॉक्टर म्हणतात, यांना एकटं ठेवू नका. पुढच्या रविवारी तिला माझ्याकडे नेतो आणि हे घर विकायला काढतो. तुम्ही फक्त एकदा तिच्यासमोर सांगा. चाळीस वर्षांचा अनुभव तुमचा, तुमच्या शब्दाला वजन आहे."

वजन होतं खरं. एक फरशी न फोडता गळती कुठे आहे ते सांगणारा प्लंबर म्हणून माझं नाव होतं. सळई टेकवायची, डोळे मिटायचे आणि बोट ठेवायचं. लोक नळासाठी बोलावतात आणि भांडण दाखवतात, हे मला चाळीस वर्षांत कळून चुकलेलं. वरच्याची मोरी गळते, खालच्याचं छत ओलं होतं, मग जिन्यात एकमेकांची तोंडं बघणं बंद. अशा वेळी मी आधी चहा मागतो. दोन्ही घरांतून. चहा होईपर्यंत आवाज खाली येतात, मग पाना काढायचा. नळ टपकून झोप लागत नसेल तर नळाला जाड दोरा बांधा आणि टोक बादलीत सोडा, थेंब दोऱ्यावरून गुपचूप उतरतो. दार करकरत असेल तर बिजागरीला मेणबत्ती घासा. असले उपाय मी फुकट वाटत आलो. माझ्या स्वतःच्या दुखण्यावर मात्र उपाय सापडला नव्हता. उजवा कान चार वर्षांपूर्वी गेला. डावा त्याच्या मागोमाग निघाला होता.

हे फक्त बायकोला माहीत होतं. बाकी जगापुढे मी आपला बडबड करत राहायचो. माणूस स्वतःच बोलत असला की ऐकायची वेळ कमी येते.

मुलगा फोनवर बोलत खाली गेला तशी टेलरबाई पाण्याचा पेला घेऊन अगदी माझ्यासमोर आली आणि सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाली, "मघाशी तुमच्या मागे उभी राहून मी दोनदा सांगितलं, काका, बाजूला व्हा, दूध उतू चाललंय. तुम्ही हलला नाहीत."

मी ओट्याकडे बघितलं. गॅसच्या शेगडीवर दूध पसरलं होतं, खाली फरशीवर ओघळ आला होता. माझ्या चपलेपर्यंत.

"मुलासमोर बोलले नाही. तुमच्या पोटाचा प्रश्न आहे," ती म्हणाली. "पण माझ्या घराचा पण आहे हो."

"ताई, मी..."

"उद्या चारला या. एकटे या."

घरी गेलो ते तोंड पाडूनच. बायकोने समोर खुर्ची ओढली, माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे फिरवलं. तिची ही सवय झाली होती.

"काय केलंत?"

सांगितलं. तिने हनुवटी सोडली.

"ऐकू येत नाही म्हणायची लाज वाटली, आणि त्या बाईला वेडी ठरवून आलात. वा! शाबास!"

"वेडी कुठे म्हटलं? पाइप गप्प आहे म्हटलं."

"एकच की ते. आणि ते दातांचं काय झालं? लग्न झालं तेव्हा मला दाखवायचात ना, मोठी फुशारकी मारत."

दातांचं! मी विसरूनच गेलो होतो. उमेदवारीत असताना पंपघरात कान फुटायची वेळ यायची, इतका गोंगाट. तिथे आमचा उस्ताद सळईची मूठ दातांत धरायला लावायचा. पाइपाचा आवाज दातांतून जबड्यात आणि जबड्यातून थेट डोक्यात. कानाची गरजच नाही. आणि दात, खोटं कशाला बोलू, माझे सगळे शाबूत आहेत.

दुसऱ्या दिवशी तीनलाच टेलरबाईकडे पोचलो. ती शिलाई मशीनवर बसली होती. मशीन पाइपाला लागूनच. तिने काम थांबवलं आणि मी न विचारताच सांगायला लागली.

"एकतीस वर्षं ती वर, मी खाली. पहिली दोन तर आम्ही बोलतच नव्हतो. तिच्या मोरीचं पाणी माझ्या छतातून एका नवरीच्या कपड्यावर पडलं. उद्या लग्न आणि आज बाहीवर हा एवढा डाग! मी वर जाऊन नाही नाही ते बोलले. तिनेही सोडलं नाही. मग एक दिवस चार वाजता वरून पाइपावर कोणीतरी दणादण चमचा मारायला लागलं. मला वाटलं, मुद्दाम त्रास देतेय. तणतणत वर गेले, तर ही स्वयंपाकघरात पडलेली, पाय मोडलेला. एकटीच राहायची. हाताला पाइप तेवढा लागत होता."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून. रोज चारला. ती वाजवायची, दोन आणि एक. मी अंगुस्तानाने वाजवायचे, दोन आणि एक. म्हणजे काय, तर आहे का? आहे. बस. बोलायला वेळ असायचाच असं नाही, पण हे चुकलं नाही. दोघी एकट्या ना. माझाही नवरा लवकर गेला. कोणी पडलं, मेलं, तर दुसरीला दिवसाच्या आत कळावं."

मग ती अंगुस्तान बोटात गोल फिरवत राहिली.

"मागच्या वर्षी मुलाने हट्टाने चार दिवस नेलं मला. तिला सांगून गेले होते. परत आले, चारला वाट बघितली, काही नाही. दार फोडावं लागलं. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस झाले असतील." तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मला कळतंय ना याची खात्री केली. "काका, तिने वाजवलं असणार हो. पडल्यावर वाजवलंच असणार. आणि खाली कोणी नव्हतं."

मी आपला पाइपाकडे बघत बसलो.

"तीन महिन्यांपासून पुन्हा येतंय. मी उत्तर देते. आता मी गेले तर कोण देणार? ते आधी झालंय तसंच पुन्हा होणार ना?"

मी मनाशी म्हटलं, पंप असणार. पंप सुरू झाला की पाण्याचा दणका बसतो, पाइपाचा क्लॅम्प सैल असेल तर पाइप भिंतीवर आपटतो. दर दुसऱ्या इमारतीत हे भूत असतं. मी अशी पन्नास भुतं पान्याने आवळली आहेत. वरच्या घराची किल्ली टेलरबाईकडेच होती, वरचीचा भाचा परदेशी जाताना ठेवून गेला होता. ती घेतली आणि म्हटलं, "मी वर जाऊन बघतो. तुम्ही नेहमीसारखं करा."

वरचं घर म्हणजे खोली आणि स्वयंपाकघर. सामान सगळं नेलेलं, एक स्टूल तेवढं उरलं होतं. खिडकीतून उन्हाचा पट्टा फरशीवर पडला होता आणि त्या पट्ट्यात धूळ अशी सपाट की पाय टाकायला जीव होईना. टाकला. मागे वळून बघितलं तर दारापासून माझीच पावलं. दुसरं कोणाचंही काही नाही. मांजराचंसुद्धा.

मुख्य कॉक बंद होता, गंज चढून घट्ट बसलेला. नळ सोडून बघितला, कोरडा. क्लॅम्प हाताने हलवून बघितले. तीनही भिंतीत पक्के. एकही सैल नव्हता.

पाइपावर ओट्याच्या खाली, पडलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, रंग उडून रुपयाएवढी जागा चकचकीत झाली होती. एकोणतीस वर्षं चमचा बसला की तसं होणारच, त्यात नवल नाही. पण सगळ्या पाइपावर धुळीचा थर होता आणि तेवढ्या जागेवर नव्हती. मी बोटाने पुसून बघितलं. बोट स्वच्छ निघालं.

घड्याळात चारला तीन मिनिटं कमी होती. मी स्टुलावर बसलो, सळईचं टोक त्या जागेच्या जरा खाली टेकवलं आणि मूठ दातांत धरली.

काय सांगू! चार वर्षांनी घर पुन्हा बोलायला लागलं. खालून टेलरबाईच्या मशीनची धडधड. आणखी खाली कोणाची तरी बादली भरत होती. लांबवर दार आपटलं. मला भरूनच आलं एकदम, लहान मुलासारखं. मग मशीन थांबलं.

टक टक. मग जरा वेळ. टक.

चाळीस वर्षांचं काम आहे हे. ठोका वरून आला की खालून, किती मजले लांबून आला, ते मी झोपेत सांगेन. हा वरून नव्हता. खालूनही नव्हता. माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावरून होता. समोरचे दात झिणझिणले. मी डोळे उघडे ठेवून त्या चकचकीत जागेकडे बघत होतो आणि तिथे काही नव्हतं. ऊन होतं.

खालून अंगुस्तानाचं उत्तर आलं, बारीक आणि स्पष्ट. दोन आणि एक. आणि मग एखाद्याने टेकवलेला हात काढून घ्यावा तसा पाइप हलका झाला.

मी पळालो नाही. बराच वेळ तसाच स्टुलावर बसून राहिलो, दातांत मूठ धरून. मग उठलो, आपल्याच पावलांवर पाऊल ठेवत बाहेर आलो, कुलूप लावलं आणि आधी वॉचमनला गाठलं.

"पंप किती वाजता लावतोस रे?"

"सकाळी सातला, संध्याकाळी सातला. मधे बटनाला हात लावला तर सेक्रेटरी मला कामावरून काढून टाकतील. का?"

"काही नाही. सहज."

टेलरबाई दारातच उभी होती. "आलं?" तिने विचारलं.

"आलं."

तिने तोंडाला पदर लावला आणि रडली. माझ्या अंगावरचा काटा अजून गेला नव्हता. ही बाई मात्र आनंदाने रडत होती, दुसऱ्या कोणीतरी ऐकलं म्हणून. भीती तिच्या गावीही नव्हती. मला माझीच शरम वाटली.

रविवारी चारला पाच-सहा मिनिटं असताना मुलगा आला तेव्हा मी हजर होतो. घरात खोकी बांधून ठेवलेली. मशीनवर चादर टाकली होती.

"काका, तुम्ही? आज काही काम नाही हो."

"आहे. मागच्या रविवारी मी खोटं बोललो."

मुलगा घड्याळ बघत होता, तो थांबला.

"पाइपात आवाज आहे की नाही ते मला माहीतच नव्हतं. मला ऐकू येत नाही. एक कान पूर्ण गेलाय, दुसराही गेल्यातच जमा. तुम्ही शब्दाला वजन आहे म्हणालात आणि मी फुगलो. तुमच्या आईला ऐकू येतं. तिचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले आहेत."

हे बोललो आणि माझं दुकान त्याच क्षणी बंद झालं. मुलगा त्याच्या कॉलनीत चार लोकांना सांगणार, चार लोक आणखी चौघांना. बहिरा प्लंबर म्हणजे आंधळा शिंपी. पण खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, हेही खरं.

मुलगा चांगलाच तापला. "म्हणजे? ऐकू येत नाही आणि वर सांगताय की आवाज आहे? काय चाललंय काय तुमचं?"

"चार वाजायला दोन मिनिटं आहेत. ही मूठ दातांत धरा."

"काय?"

"धरा हो. स्वच्छ धुतली आहे. आणि जोरात चावू नका, ऊस नाही तो."

इस्त्रीचा शर्ट घातलेला तो मोठा साहेब आईच्या ओट्याशी वाकला आणि त्याने सळई दातांत धरली. आई शेजारी उभी, अंगुस्तान बोटात. मी पाइपावर तळहात ठेवला.

मला हाताला लागलं, त्याला दातांना. त्याचे डोळे एकदम मोठे झाले. आईने पुढे होऊन उत्तर दिलं. तो तसाच वाकलेला राहिला. चेहऱ्यावरचा सगळा रंग उतरला होता. मग त्याने सळई काढली आणि लहान मुलाच्या आवाजात विचारलं असावं, कारण ओठ फारसे हलले नाहीत, "काय आहे हे?"

आई माझ्याकडे बघत होती.

आयुष्यात मी चुकीचं निदान दोनदा केलं, दोन्ही याच घरात. पहिलं न ऐकता केलं. दुसरं ऐकून, समजून-उमजून केलं.

"पंप," मी म्हटलं. "चारला पंप लावतात. पाण्याचा दणका बसतो आणि वरच्या घरात क्लॅम्प सैल आहे, पाइप भिंतीवर आपटतो. दोनदा जोरात, एकदा सावकाश. आईला वाटलं मैत्रीण वाजवते. तुम्हालाही नसतं वाटलं?"

मुलाने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की त्याचा हलणारा शर्ट मला दिसला. माणसाला भुतापेक्षा क्लॅम्प किती आवडतो ते मी तेव्हा बघितलं. तो आईजवळ गेला, तिचा हात धरला. "सॉरी आई. मला वाटलं... मला फार भीती वाटली गं तुझ्यासाठी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आवळून टाका तो क्लॅम्प. पुढच्या रविवारी मी येऊन स्वतः बघतो. आवाज बंद झाला असला तर राहू दे आईला इथेच."

आणि बंद झाला नसला तर? ते त्याने सांगितलं नाही, पण खोकी अजून बांधलेलीच होती.

मी पाना घेऊन वर गेलो. कुलूप उघडलं. ऊन आता ओट्यापर्यंत आलं होतं. फरशीवर माझी सोमवारची पावलं तशीच, आणखी कोणाचीही नाहीत. मी त्या पाइपासमोर बसलो आणि पाना मांडीवर ठेवला. आवळायला काही नव्हतंच.

घसा खाकरला. आपण मोठ्याने बोलतो की हळू, हे मला आता कळत नाही, त्यामुळे जरा बेतानेच बोललो.

"बाई, मी नळवाला. तुमच्या मैत्रिणीचा मुलगा दर रविवारी येतो. रविवारची तेवढी सुट्टी घ्या. बाकी सहा दिवस तुमचे."

अर्थातच उत्तर आलं नाही. मी तरी थोडा वेळ थांबलो. निघताना त्या चकचकीत जागेवर हात ठेवला. उन्हामुळे असेल, कोमट होती.

पुढच्या रविवारी मुलाने आपणहून सळई मागून घेतली, स्वतःच दातांत धरली. चार वाजले. चार वाजून पाच. चार वाजून दहा. टेलरबाई खुर्चीत बसली होती, अंगुस्तानाचं बोट दुसऱ्या मुठीत घट्ट धरून. तिला मी काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? मुलगा हसला, माझी पाठ थोपटली आणि खोकी सोडायला बसला. ती मात्र पाइपाकडेच बघत होती. तिचा चेहरा बघवेना, म्हणून मी निघून आलो.

नंतर मी कामं घेणं सोडलं. लोकांनी सोडायला लावायच्या आधी आपण सोडलेलं बरं. चार दिवसांनी एक पार्सल आलं. टेलरबाईने माझ्या सळईसाठी कापडी पिशवी शिवून पाठवली होती, लांब, आतून अस्तर लावलेली. चिठ्ठी नव्हती. पिशवीच्या तोंडाला तीन बटणं होती. दोन जवळजवळ आणि एक लांब. म्हणजे रविवार गेला आणि टकटक परत आली होती.

हल्ली माझा डावा कानही पूर्ण गेलाय. बायको आता हाका मारत नाही. जेवण वाढलं की टेबलावर चमचा वाजवते, दोन आणि एक. मी दुसऱ्या टोकाला तळहात टेकवून बसलेला असतो. मला कळतं. मी बोटाने उत्तर देतो.

आमच्या दोघांत आधी कोण जाईल ते माहीत नाही. पण ते टेबल विकायचं नाही, एवढं मी आमच्या मुलीला बजावून ठेवलंय.